डावीकडची दाढ

एकोणीस वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घालून डॉक्टरीण पार विटली होती. दवाखाना का सोडला असं विचारलं की बाहेर मात्र ती सांगायची, आतून हाक आली. हाक कसली डोंबलाची. तिला किळस आली होती, आणि ती काही एका दिवसात आली नव्हती, रोज थोडी थोडी साठत गेली होती.

तुम्हीच विचार करा. सकाळी नऊला पहिला पेशंट खुर्चीत आडवा होतो आणि आ करतो. आदल्या रात्रीचं जेवण अजून दातांच्या फटीत. दुसरी बाई म्हणते, कॅप हलतेय. कॅप काढावी तर खालून असा वास येतो की मास्कच्या आत जीव गुदमरतो. तिसऱ्याची हिरडी दाबली की पिवळा पू वर येतो आणि तो साहेब विचारतो, "काही विशेष नाही ना?" दिवसभर लाळ, रक्त, थुंकी, चूळ. संध्याकाळी घरी यावं तर समोर नवरा जेवायला बसलेला. नवरा भूगोलाचा मास्तर, साधा सरळ माणूस, पण त्याचा घास चावण्याचा आवाज हिला सहन व्हायचा नाही. ती आपलं ताट उचलून खिडकीशी जाऊन बसायची. त्या बिचाऱ्याला वाटायचं, हिला हवा लागते.

मग एक दिवस दाढ काढताना पेशंटला ठसका लागला, हिचा मास्क घसरलेला होता आणि एक थेंब थेट ओठावर आला. तिने उरलेल्या पेशंटना घरी पाठवलं आणि अर्धा तास बेसिनपाशी उभी राहून ओठ घासले. ओठ सोलवटले तरी तिचं समाधान होईना. त्या रात्रीपासून तिची झोप उडाली.

झोपेसाठी म्हणून ती मावशीकडे गेली. मावशी कुणाची सख्खी मावशी होती ते तिच्या भाचीला ठाऊक, बाकी अख्खा गाव तिला मावशीच म्हणायचा. गॅरेजांच्या रांगेमागे तिचं दोन खोल्यांचं घर होतं, मागे मोकळी जागा, आणि तिथे फुटक्या बादल्यांत, रंगाच्या डब्यांत, जुन्या टायरांत झाडंच झाडं. दोऱ्यांवर पाला वाळत घातलेला असायचा. मावशीने अर्धं आयुष्य लाँड्रीत कपडे इस्त्री केले होते. झाडपाल्याचं ज्ञान तिला बापाकडून आलेलं. लोक जुनाट जखमा घेऊन यायचे, न येणारी झोप घेऊन यायचे, कुणी नुसतं रडायला यायचे. मावशी आधी हात हातात घ्यायची आणि डोळ्यांत बघत बसायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही घाई नाही. मग जे काय द्यायचं ते द्यायची.

डॉक्टरिणीचाही हात तिने तसाच धरला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फार घाण बघितलीस गं."

झालं. डॉक्टरीण तिथल्या तिथे ढसाढसा रडली. एकोणीस वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. मावशीने दिलेला पाला उकळून प्यायली आणि त्या रात्री सात तास झोपली. सकाळी उठली ती ठरवूनच उठली.

नवरा म्हणाला, "हवी तर सहा महिने सुट्टी घे. दाढा काय कुठे पळून जातायत?"

"मला दात नाही, माणसं बरी करायचीत."

"दात माणसांनाच असतात ना?"

यावर ती चिडली आणि दोन दिवस बोलली नाही. दवाखाना हाताखालच्या ज्युनिअर मुलीला देऊन टाकला, खुर्ची, दिवा, अवजारं, सगळं. वर स्वतःच्या मनाने एक शपथ घेतली: यापुढे अवजाराला हात लावायचा नाही आणि कुणाच्या तोंडात बघायचं नाही. मावशीला अभिमानाने सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "मी कुठे असं सांगितलं होतं?" हिला वाटलं, थोर माणसं असंच बोलतात.

आता एक सांगून ठेवते. मावशी भोंदू नव्हती. भोंदू असती तर गोष्ट फार सोपी झाली असती. हाड मोडलं, छातीत दुखलं की ती सरळ म्हणायची, "हे माझ्याच्याने व्हायचं नाही, दवाखाना गाठ." पण जिथे तिचा हात चालायचा तिथे चालायचा. पहाटे दहा-बारा माणसं तिच्या मागच्या जागेत मुकाट बसायची, मावशी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत फिरायची, आणि माणसं हलकी होऊन कामाला जायची. डॉक्टरीण सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. पाला खुडणं, धुणं, सावलीत वाळवणं, चिठ्ठ्या लावणं, सगळं तिने मन लावून शिकून घेतलं. हाताला हिरवा वास यायचा. घरी गेल्यावर ती तो वास हुंगत बसायची. पाच महिने ती मजेत होती, खरंच मजेत होती.

मग तिने मावशीला मुळी चावताना बघितलं.

चिघळलेल्या जखमेवर लावायची एक कडू मुळी होती. ती मावशी दाढेखाली धरून चांगला पाव तास चावायची, तिचा लगदा झाला की तळहातावर थुंकायची आणि तोच जखमेवर थापायची. तो हिरवट, फेसाळ, तारा सुटणारा गोळा बघून डॉक्टरिणीला उमासा आला आणि ती टायरांच्या आड जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने घरून दगडी खलबत्ता आणला.

मावशीने तो हातात घेऊन बघितला. "छान आहे. पण दगडाला लाळ सुटते का?"

भाची खो खो हसली. भाची तिशीची, दिवसभर शिवणाच्या कारखान्यात काम करून घर सांभाळणारी, फटकळ बाई होती. तिला या नव्या शिष्येचं फारसं कौतुक नव्हतं, पण राग म्हणावा तर तोही नव्हता. खलबत्त्यात तिने मीठ कुटायला सुरुवात केली.

डॉक्टरिणीने मग दुसरा उपाय शोधला. मावशी मुळी चावायला बसली की ही मान वळवायची आणि डोळे मिटून श्वास मोजायची. तिला वाटायचं, ही साधना. जुनी नजर मारायची म्हणजे असंच करावं लागणार. पण नजर कसली मरते. मान वळवण्याच्या आधीचा अर्धा क्षण पुरेसा होता. मावशीच्या खालच्या जबड्यात, डावीकडची, मागून दुसरी दाढ. तुटलेली. आतल्या बाजूला धारदार कंगोरा राहिलेला, आणि तो प्रत्येक चावण्याबरोबर जिभेच्या कडेवर घासत होता. तिच्या डोक्यात आपसूक वाक्य उमटलं: कंगोरा घासून गुळगुळीत करा, दोन मिनिटांचं काम. वाक्य उमटल्याचा तिला इतका राग आला की त्या दिवशी तिने अर्धा तास जास्त मौन पाळलं.

उन्हाळा सुरू होताना जिभेच्या त्याच कडेवर पांढुरका चट्टा होता. हे तिला दिसलं. हे तिला दिसलंच नाही असं तिने स्वतःला सांगितलं. पुढे चट्ट्याची जखम झाली. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम म्हणजे काय, हे दातांच्या कॉलेजात गेलेलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. डॉक्टरीण मात्र कानाडोळा करत राहिली. मावशी उजवीकडून चावायला लागली. गरम चहा बशीत ओतून गार करून प्यायला लागली. बोलताना एखादा शब्द जड यायला लागला. आणि वास. तो वास तिला डोळे मिटूनही कळत होता. तो आला की ती दोन पावलं मागे सरकून वाळत घातलेल्या पाल्याशी काहीतरी काम काढायची.

एकदा भाचीने तिला फाटकापाशी गाठलं. "बाई, तुम्ही दातांच्याच ना? जरा मावशीच्या जिभेकडे बघता का? दोन महिने झाले, भरतच नाहीये. मला दाखवत नाही ती नीट."

कुणीही म्हटलं असतं, बघते हं. त्यात काय जातं? पण आमची डॉक्टरीण शांत, मधाळ आवाजात म्हणाली, "मी ते सगळं सोडलंय. आणि मावशींचं औषध आहे ना, तेच भरून काढेल. आपण विश्वास ठेवायचा."

भाची तिच्याकडे बघत राहिली. तिला बिचारीला वाटलं, शिकलेली बाई आहे, गंभीर असतं तर बोलली असती. ती कामावर गेली. खरं काय ते डॉक्टरिणीला पुरतं ठाऊक होतं. तिच्या मनात आधी आलं होतं ते एवढंच, की आता आ करायला सांगावं लागेल, ती जीभ बोटांत धरावी लागेल. शी. विश्वास वगैरे मागाहून आला.

थंडी पडायला लागली तेव्हा मावशी म्हणाली, "मला आता चावता येत नाही. तू चाव. रविवारी तुला देते."

देते म्हणजे कसं, हेही ऐका. मावशीला तिच्या बापाने दिलं होतं तसंच. देणाऱ्याने मुळी अर्धी चावायची आणि आपल्या तोंडातून घेणाऱ्याच्या तोंडात घालायची. घेणाऱ्याने उरलेली चावायची. त्यानंतर लोक त्याच्याकडे जखम घेऊन येणार. एवढंच, मंत्र नाही की काही नाही. ज्याच्यासाठी दवाखाना सोडला ते हेच, आणि ते इतक्या लवकर, इतक्या जणांना मागे टाकून आपल्याला मिळतंय, म्हणून डॉक्टरीण हवेत होती. आणि तितकीच घाबरलेलीही. तिने घरी सराव सुरू केला. नवऱ्याला म्हणाली, पाव अर्धा चाव आणि मला दे.

नवऱ्याने हातातली वही खाली ठेवली. "तुझं डोकं फिरलंय का?"

"एकदाच."

"मी जेवताना तू ताट घेऊन खिडकीत जातेस, ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? आणि आता हे?"

इतकी वर्षं त्याला कळत होतं तर. ती ओशाळली, पण माघार घेतली नाही. शेवटी तिनेच त्याच्या ताटातला पावाचा उष्टा तुकडा उचलून, नाक दाबून गिळला, आणि मोरीत जाऊन ओकली.

रविवारी सकाळी मागच्या जागेत वीसेक माणसं जमली होती. लख्ख ऊन पडलं होतं. मावशी स्टुलावर बसली, डॉक्टरीण तिच्यासमोर जमिनीवर. मावशीने मुळी तोंडात घातली आणि उजवीकडून चावू लागली. प्रत्येक चावण्याला तिचा डावा डोळा दुखण्याने बारीक होत होता. डॉक्टरिणीने श्वास मोजले. मग मावशी पुढे वाकली, तिने डॉक्टरिणीची हनुवटी हातात धरली आणि तोंड उघडलं.

ऊन थेट आत पडलं. एवढा चांगला उजेड तिला दवाखान्यातल्या दिव्यानेही कधी दिला नव्हता. चार बोटांवर ते तोंड, आता डोळे मिटले तर ते ओठांवरच येणार होतं, म्हणून मिटताही येईना. जिभेची डावी कड खाल्लेली होती. मधे खड्डा, कडा जाड होऊन बाहेर वळलेल्या, तळाशी राखाडी घाण, त्यावर मुळीचा हिरवा रस आणि रक्त. वासाचा भपकारा आला. डॉक्टरिणीच्या घशाशी आंबट पाणी आलं. तिने ते गिळलं, आणि त्याच क्षणी तिचे हात आपले आपण वर गेले. डाव्या हाताने तिने मावशीच्या तोंडातला लगदा काढून फेकून दिला आणि ती म्हणाली, "आ करा. मोठा. जीभ बाहेर काढा."

मागून कुणीतरी म्हणालं, हे काय चाललंय. तिने जीभ दोन बोटांत धरली. जखम नुसती वरवर नव्हती, खाली लाकडासारखी टणक गाठ लागत होती. मग जबड्याखाली बोटं फिरवली. तिथेही एक गाठ होती, सुपारीएवढी, जागची न हलणारी.

"काय आहे?" भाचीने विचारलं.

"कॅन्सर," डॉक्टरिणीने सांगितलं.

भाची खाली बसली, मावशीच्या पायाशी. मग मान वर करून म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

इथे खोटं बोलायची सोय होती. तेव्हा लहान होतं, नक्की सांगता आलं नसतं, असं म्हणता आलं असतं, आणि कुणाची बिशाद नव्हती खोडून काढायची. डॉक्टरीण तोंड उघडून तेच म्हणणार होती. पण बोटांवरची लाळ अजून वाळली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिने ज्युनिअर मुलीला फोन करून मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनची वेळ घेतली. तुकडा काढून तपासायला गेला, रिपोर्ट आला, काय यायचा तोच आला. सर्जन तरुण होता, कामात गुंतलेला. कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "अर्धी जीभ जाईल. मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील. पुढचं पुढे बघू. किती दिवसांपासून आहे?"

"आठ महिने," डॉक्टरीण म्हणाली.

"सुरुवातीला आले असते तर एवढासा तुकडा गेला असता. ही माणसं झाडपाला लावत बसतात आणि मग आपल्याकडे येतात." त्याने लिहिलं, रुग्णाने दुर्लक्ष केलं.

"तिने नाही, मी केलं. मी दातांची डॉक्टर आहे. मी रोज बघत होते."

सर्जनने पेन थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिच्या ओळखीची होती. तिनेच कितीदा लोकांच्या तोंडाकडे तसं पाहिलं होतं. लिहिलेलं मात्र त्याने खोडलं नाही.

घरी येऊन तिने हात धुतले. पुन्हा धुतले. या वेळी बोटांना काही लागलेलं नव्हतं, तरी तिला स्वतःच्या अंगाला हात लावायची शिसारी येत होती. नवऱ्याने जेवायला बोलावलं. ती त्याच्यासमोर बसली, आणि तो चावत असताना मान खाली घालून आपला घास गिळत राहिली. तो आवाज तिला आजही सहन होत नव्हता. किळस काही कमी झालेली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती वॉर्डात गेली. सहा खाटा, पांढरे पडदे, फरशी पुसल्याचा वास. मावशी हिरवा गाऊन घालून बसली होती, केस टोपीत. भाची शेजारच्या खुर्चीवर, हातात कागदांची फाईल. डॉक्टरिणीला बोलायचं होतं. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती. खाटेच्या कडेला बसून तिने सगळं सांगितलं, दाढ कधी दिसली, चट्टा कधी, वास कधी. ती मान का वळवायची, तेही. आणि रडायला लागली. "मला माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला. काहीतरी बोला, मावशी."

मावशीने तिचा हात धरला आणि सवयीने डोळ्यांत बघितलं. बोलताना तिला दुखत होतं. प्रत्येक शब्दासाठी ती जीभ उजवीकडे ओढून घेत होती.

"मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशीच दिसलं, तुझ्या डोळ्यांत." थांबून तिने आवंढा गिळला. "तोंडं बघून बघून आलेली. म्हटलं, हिला परत तेच कशाला दाखवायचं. मी मुद्दामच तोंड वळवून बसायचे, तुला त्रास नको म्हणून."

डॉक्टरिणीला आता कळलं. आपण इकडे मान वळवत होतो आणि तिकडे ही वळवत होती. आठ महिने दोघी एकमेकींकडे पाठ करून बसलो, आणि त्यातली एक केवळ आपल्यासारख्या किळसवाण्या बाईची कीव आली म्हणून.

"रडू नको," मावशी म्हणाली. "तू वाईट नाहीस. तू नुसती..." पुढचा शब्द तिला जमेना. जीभ वळेना. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, लालसर. तिने पुन्हा प्रयत्न केला, "तू नुसती..."

भाची उठली. तिने रुमालाने मावशीचे ओठ टिपले, हनुवटी टिपली, आणि रुमाल घडी करून उशीखाली ठेवला. मग तिने डॉक्टरिणीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"एका तासाने तिची जीभ कापणारेत. ती शेवटचं माझ्याशी काही बोलली असती, ते तुम्ही तुमची समजूत घालण्यात खर्च केलंत. आता तरी तिला गप्प बसू द्या. जा तुम्ही."

डॉक्टरीण उठली. पडदा सारून बाहेर आली तेव्हा आतून भाचीचा हळू आवाज येत होता, "मावशी, बोलू नको. मी बोलते, तू नुसती मान हलव."